गार पाण्याची टाकी

आमच्या घरात फिशटँक बांधायचा धंदा दोन पिढ्यांचा. वडील लोखंडी अँगलची चौकट जोडायचे, शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून पुट्टी मळायचे, काच दाबून बसवायचे आणि आतल्या सांध्यांवर डांबराचा काळा हात फिरवायचे. माझ्या हाती धंदा आला तोवर सिलिकॉनची नळी आली होती. चौकट गेली, काच काचेलाच चिकटू लागली. सवय मात्र वडिलांचीच राहिली आहे. गिऱ्हाइकानं माप सांगायच्या आधी मी विचारतो, "आत काय ठेवणार?" या प्रश्नाला गोल्डफिश, गप्पी, एंजल, फार तर कासव, अशी उत्तरं ऐकण्यात वर्षं गेली. आता अधूनमधून एखादा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, "न्यूट."

त्यांनी मोबाइलवर बघितलेलं असतं. काळी पाठ, शेंदरी पोट, चार इवले पाय, चपटी शेपटी. आकार पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत. कातडी ओलसर, कारण हा प्राणी बेडकाच्या नात्यातला, शेपूट टिकवून धरलेला उभयचर. आपल्या सह्याद्रीत बेडकांच्या कितीतरी जाती आहेत, बिनपायाचं देवगांडूळ आहे, पण शेपटीवाला उभयचर एकही नाही. भारतात तो भेटतो तो थेट पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. त्यामुळे न्यूटची टाकी कशी असावी याचं ज्ञान आमच्या धंद्यात परंपरेनं आलेलं नाही. ते मला पुस्तकांतून उचलावं लागलं. तेव्हा एक गंमत कळली. या पोरांना हवी असलेली टाकी १७० वर्षांपूर्वीच तयार झाली होती. पुढे आमच्याच धंद्यानं ती मोडीत काढली.

सुरुवात काचेपासून करतो, कारण माझं पोट काचेवर आहे. १८२९ साली लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत होते. त्यांना झाडांचा नाद, पण गिरण्यांच्या धुरात नेचे जगायचे नाहीत. एका पतंगाचा कोष उबवायला म्हणून त्यांनी तो ओल्या मातीसकट बाटलीत झाकून ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि गवताची काडी उगवून आली. बाहेर जे झाड तग धरत नव्हतं ते बंद काचेत मजेत वाढत होतं. वॉर्डनी मग काचेच्या बंद पेट्याच बनवल्या, त्या जहाजावर चढवून थेट ऑस्ट्रेलियाला पाठवल्या आणि १८४२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पण काच महाग होती. ब्रिटनमध्ये काचेवर जबर अबकारी कर होता. तो १८४५ मध्ये उठला, तेव्हा कुठे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी परवडू लागली. कुठल्याही शोधाच्या मागे एखादा कर उठलेला असतो, हे धंदेवाल्याला वेगळं सांगायला नको.

झाड जगलं, आता पाण्यातला जीव जगवायचा होता. समुद्रातले प्राणी काचेच्या टाक्यांत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचं काम जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिनात केलं होतं. घरातल्या टाकीचं गणित मात्र सोडवलं रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. ते लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ. त्यांनी १२ गॅलनचं काचेचं भांडं घेतलं, तळाशी वाळू आणि चिखल, वर दगड, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाण्यातल्या गवताची जात. लंडनची काजळी आत पडू नये म्हणून तोंडाला जाडसर मलमल. १२ गॅलन म्हणजे जवळपास ५४ लिटर. आमच्याकडे 'दोन बाय एक बाय एक' म्हणतात त्या दोन फुटी टाकीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर मावतं. माप वाचलं तेव्हा मी पेन्सिल कानामागून काढून ते पुन्हा मांडून पाहिलं. नव्या माणसाला आजही आम्ही हेच माप देतो.

वॉरिंग्टनच्या भांड्यात झाडानं प्राणवायू दिला, माशानं कर्बवायू दिला, सगळं सुरळीत चाललं आणि मग पाणी बिघडू लागलं. व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजत होती. पाणी गढूळ, काचेवर हिरवट बुळबुळीत थर. त्यावर त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आत सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पानं खाल्ली, काचेवरचा थर खरवडला, पाणी निवळलं. झाड, प्राणी आणि सफाई कामगार असा तिघांचा संसार बसल्यावर पाणी बदलायची निकड संपली. १८५० मध्ये त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. एक भिडू त्यांना दिसला नव्हता. प्राण्याच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवून त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूच्या कणाकणावर काम करत होते. सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते वेगळे काढून दाखवायला १८९० साल उजाडलं. आज आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की टाकी भरा, झाडं लावा, महिनाभर रिकामी चालवा, मग जीव आणा. तो महिना या जिवाणूंसाठी असतो.

पुढची दहा वर्षं म्हणजे आमच्या धंद्याचं बालपण. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं. लोक रांगा लावून काचेआडचे मासे बघू लागले. त्या कामाशी जवळून संबंध असलेल्या फिलिप हेन्री गॉस यांचं 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये आलं आणि नाद घराघरात शिरला. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी लंडनमध्ये टाक्या, झाडं आणि जिवंत प्राणी विकायचं दुकान थाटलं. आमच्या धंद्याचा मूळपुरुष शोधायचा तर मी लॉइडचं नाव घेईन, कारण त्यांनी दुकानही काढलं आणि दिवाळंही काढलं. नंतर मात्र हँबर्गचं आणि क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उभं करून ते पुन्हा वर आले. जर्मनीत १८५६ मध्ये एमिल रोसमेस्लर यांनी 'गार्टनलाउबे' या घराघरात जाणाऱ्या साप्ताहिकात काचेतल्या तळ्यावर लेख लिहिला आणि तिथेही तीच लाट उठली.

या पहिल्या टाक्यांत काय असायचं? रंगीबेरंगी उष्ण कटिबंधातले मासे नव्हतेच. जवळच्या डबक्यात जाळी घालून जे वर येईल ते आत जायचं. काटेमासे, पाणकिडे, बेडकांची पिल्लं आणि न्यूट. इंग्लंडमध्ये न्यूटच्या तीन जाती आहेत आणि वसंतात त्या तळ्यात उतरतात. बीट्रिक्स पॉटर आणि त्यांचे भाऊ बर्ट्रम यांच्या अभ्यासाच्या खोलीत बेडूक, हेजहॉग यांच्या जोडीला न्यूटही होते. पुढे १९०६ मध्ये जेरेमी फिशर या बेडकाची गोष्ट लिहिताना त्यांनी एका न्यूटला सर आयझॅक न्यूटन करून जेवायला बसवलं.

या टाक्यांची बांधणी बघा. बूड आणि बाजू पाटीच्या काळ्या दगडाच्या, काच फक्त समोर. वॉरिंग्टननी पुढे एक घाट काढला, ज्यात मागची भिंत उतरती होती आणि उजेड फक्त वरून पडायचा, तळ्यात पडतो तसा. आमच्या लेखी हा घाट वेडगळ. चारही बाजूंनी दिसलं नाही तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार? पण न्यूटच्या बाजूनं विचार केला तर हा घाट फार शहाणा आहे. उतरत्या दगडावरून त्याला पाण्यातून हळूहळू बाहेर येता येतं. बहुतेक न्यूट वर्षाचा काही काळ पाण्यात काढतात आणि उरलेला ओलसर पालापाचोळ्यात, दगडाखाली. काळोखी भिंत त्यांना आडोसा देते. त्या काळी घरं थंड, खोलीला शेगडी एकच, टाकी खिडकीशी. पाण्याला हलवणारा पंप नव्हता. न्यूटला हेच मानवतं. पाणी गार, संथ आणि झाडांनी भरलेलं हवं. मादी एकेक अंडं घालते आणि मागच्या पायांनी पान दुमडून ते त्यात गुंडाळते. एका हंगामात अशी शेकडो. झाड नसेल तर तिला अंडं ठेवायला जागाच नाही.

मग वळण आलं. १८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कारबोनिए यांनी पूर्वेकडचा पॅराडाइज मासा वाढवून दाखवला. नर बुडबुड्यांचं घरटं करतो, रंग मोरासारखे. युरोपात त्याचं वेड लागलं. अशा माशांना ऊब हवी. टाकीच्या बुडाखाली गॅसची किंवा तेलाची ज्योत पेटवायची, ही सुरुवात. विजेचा हीटर आला, हवेचा पंप आला, दिवा आला. १९३० च्या दशकात ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निऑन टेट्रा आला आणि टाकी म्हणजे उबदार पाणी, लख्ख उजेड आणि बुडबुड्यांची रांग हे समीकरण पक्कं झालं. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. ते बघून आलेल्या कुटुंबांना घरीही टाकी हवीशी वाटू लागली आणि वडिलांच्या अँगलला भाव आला. आम्ही विकलं ते या वळणानंतरचं सामान. चमकदार खडे, प्लॅस्टिकची झाडं, तोंडातून बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. यातली एकही वस्तू न्यूटच्या कामाची नाही. बारीक खडे तर तो भक्ष्याबरोबर गिळतो आणि ते आतड्यात अडकतात.

युरोपात काही माणसं जुन्या वाटेनंच चालत राहिली. त्यांतला माझा आवडता माणूस म्हणजे माग्डेबुर्गचे विली वोल्टरस्टॉर्फ. जन्म १८६४ चा. लहानपणीच ऐकू येणं बंद झालेलं. संग्रहालयात नोकरी, उरलेला वेळ न्यूट आणि सॅलमँडरांना. टाक्या पाळणाऱ्या लोकांच्या जर्मन मासिकाचं त्यांनी संपादन केलं आणि हौशी लोकांकडून नमुने, निरीक्षणं, पत्रं गोळा करत शेपटीवाल्या उभयचरांचा मोठा संग्रह उभा केला. पोटापुरता पगार मिळवणारा पाळीव न्यूटचा शौकीन काय नोंदवतो, हे प्राध्यापकाइतक्याच गांभीर्यानं वाचणारा हा माणूस. ते १९४३ मध्ये गेले. १९४५ च्या जानेवारीत माग्डेबुर्गवर बॉम्ब पडले आणि संग्रह जळाला.

प्रयोगशाळांनीही गार टाकी सोडली नाही. इटलीच्या स्पालांझानींनी १७६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की तुटलेला पाय आणि शेपूट न्यूटला पुन्हा फुटतं. फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड यांनी एका न्यूटच्या भ्रूणातला तुकडा दुसऱ्या जातीच्या न्यूटच्या भ्रूणात बसवला, तर तिथे नवं शरीर आकाराला येऊ लागलं. हे १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी हिल्डे अपघातात वारल्या, आणि १९३५ चं नोबेल त्यांचे गुरू हान्स श्पेमान यांना मिळालं. जपानमध्ये गोरो एगुची आणि सहकाऱ्यांनी शेंदरी पोटाच्या न्यूटच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं. प्रत्येक वेळी ते नव्यानं आलं आणि शेवटचंही पहिल्याइतकंच स्वच्छ होतं. २०११ मध्ये हे छापून आलं तेव्हा प्रयोगातले न्यूट वयानं तिशीला टेकले होते. मुलं "दोन-तीन वर्षं हौस करू" म्हणतात तेव्हा मी त्यांना हा आकडा सांगतो. नोकरी लागेल, लग्न होईल, घर बदलेल, आणि न्यूट असेलच.

वोल्टरस्टॉर्फच्या नावानं एक न्यूट होता. चीनच्या कुनमिंग शहराजवळच्या तळ्यातला. बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञानं १९०५ मध्ये त्याचं वर्णन करताना या संग्राहकाचं नाव त्याला दिलं. तळ्याचे काठ भरावानं बुजवले, पाण्यात शहराची घाण आली, बाहेरचे मासे आणि बेडूक सोडले गेले. १९७९ नंतर तो न्यूट कुणाला दिसलेला नाही आणि आता त्याची गणना नामशेष जातींत होते.

याच्यापेक्षा अवघड गोष्ट आमच्या धंद्याच्या दारात येते. २०१० च्या सुमारास नेदरलँड्सच्या एका जंगलातले पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे सॅलमँडर मरू लागले. २०१३ पर्यंत मूळ संख्येच्या चार टक्केच उरले. आन मार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं. कातडी खाणारी एक बुरशी. ती मूळची आशियातली, तिथल्या न्यूटच्या अंगावर फार त्रास न देता राहणारी, आणि युरोपात पोचली असावी ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून. २०१६ मध्ये अमेरिकेनं सॅलमँडर गटातल्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. या बुरशीला १० ते १५ अंशांचं पाणी आवडतं आणि २५ अंशांना ती मरते. म्हणजे जे गार पाणी न्यूटला जगवतं, तेच तिलाही पोसतं. टाकीचं पाणी, वाळू, झाडाचा तुकडा कधी नाल्यात, तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नये, हा नियम त्यासाठी आहे. आपल्या सह्याद्रीत शेपटीवाले उभयचर नसले तरी बेडूक आहेत आणि रोग पाहुण्याचा पासपोर्ट विचारत नाहीत. उकळतं पाणी किंवा ब्लीच आणि मग मोरी, असं मी बजावतो.

आपल्या देशातल्या न्यूटचं सांगायचं तर वाट पुन्हा वॉर्डच्या पेटीपाशी येते. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांकडे आणली ती वॉर्डच्या काचेच्या पेट्यांतून. हिमालयात पुढे चहाचे मळे पसरले. दार्जिलिंगच्या डोंगरात त्याच मळ्यांच्या आसपासच्या तळ्यांत पावसाच्या दिवसांत हिमालयन न्यूट अंडी घालायला उतरतो. रंग गडद तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना मगरीसारख्या गाठींच्या रांगा. पश्चिम बंगालमध्ये सुखियापोखरीजवळ जोरपोखरी इथे त्याच्यासाठी चिमुकलं अभयारण्य आहे. नेपाळ आणि दार्जिलिंगकडच्या या न्यूटला स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं ते २०१५ मध्ये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि २०१९ पासून त्याच्या अख्ख्या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही नियंत्रणाखाली आहे. त्यामुळे दार्जिलिंगला फिरायला जाऊन बाटलीत घालून आणणं हा गुन्हा आहे. काही गिऱ्हाइकांनी हेही विचारलेलं आहे.

परदेशात, जिथे कायद्यानं परवानगी आहे आणि टाकीत जन्मलेले न्यूट मिळतात, तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांना मी टाकी अशी सांगेन. दोन बाय एक बाय एक फूट, दोन-तीन न्यूटना पुरेल. सिलिकॉन टाकीचं घ्यायचं, न्हाणीघराचं नाही, कारण त्यात बुरशी मारणारं औषध असतं आणि न्यूटची कातडी पाण्यातलं सगळं शोषते. वडिलांच्या शेंदराच्या पुट्टीत तर शिसं असायचं. ती टाकी न्यूटला मी कधीच दिली नसती. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईस्तोवर पाणी भरायचं नाही. तळाला बारीक वाळू किंवा काहीच नाही. पाणी आठ-नऊ इंच, नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन काढून टाकून. व्हॅलिस्नेरिया आणि वर तरंगणारी झाडं भरपूर. एका कोपऱ्यात दगडांचा उतार करून कोरडी जागा. गाळणी लागलीच तर स्पंजची, पाणी जेमतेम हलेल इतकी. एकाच जातीचे न्यूट, मासे सोबत नकोत. खायला गांडुळाचे तुकडे आणि लाल अळ्या. हाताळणं टाळायचं आणि हाताळलंच तर हात धुवायचे, कारण शेंदरी पोट ही विषाची पाटी आहे.

आणि झाकण. काचेच्या कोपऱ्यातला सिलिकॉनचा सांधा म्हणजे न्यूटला शिडी. ओल्या पोटाला चिकटून तो सरळ वर चढतो. वॉरिंग्टनची मलमल काजळीसाठी होती, तुमची जाळी पळून जाणाऱ्यासाठी, आणि तिला खटका हवाच.

मुंबईत मी ही टाकी बांधून देत नाही. न्यूटला १५ ते २० अंश लागतात, २५ च्या वर तो कासावीस होतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या टाकीचं पाणी ३० अंशांना भिडतं. चिलर लावता येतो, पण मग एका वीतभरही नसलेल्या जिवासाठी घरात कायम एक फ्रिज उघडा ठेवल्यासारखं वीजबिल येतं, आणि मेच्या दुपारी वीज गेली की संपलं. वॉरिंग्टनना गार पाणी लंडनच्या हवेनं फुकट दिलं होतं. आपण ते विकत घ्यायला निघालो आहोत, आणि ते तीस वर्षं विकत घेत राहण्याची कुवत आहे का, एवढाच प्रश्न आहे. म्हणून न्यूट मागणाऱ्याला मी आधी थर्मामीटर विकतो. नुसत्या पाण्याच्या बादलीत तो उन्हाळाभर ठेवा, रोज दुपारी आकडा लिहून काढा आणि मे संपल्यावर वही घेऊन या. आकडे जुळले तर काच कापायला घेतो. अजून तरी कुणाचे जुळलेले नाहीत.